शरीर कमावायचे, ते कोणासाठी?

(मुळशी तालुक्यातील पौड येथे एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित पाठ)



मुळशीत उभे राहून व्यायामावर बोलायचे म्हणजे धाडसच आहे. समोरच्या रांगेत कान मोडलेले पैलवान बसलेले मला इथून दिसताहेत. जोर किती काढावेत आणि ढाक कशी मारावी हे त्यांना मी सांगायला नको. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्यांनी आयुष्यभर शाळेच्या मैदानावर शिट्टी वाजवली. म्हणून आज मी मैदानाचाच प्रश्न घेऊन आलो आहे. शरीर कमवा, असे आपल्याला प्रत्येक पिढीत कोणी ना कोणी सांगत आले. कधी राजाने सांगितले, कधी संताने, कधी गोऱ्या साहेबाने, कधी पुढाऱ्याने. बहुतेकांची तळमळ खरी होती आणि कारणही रास्त होते. पण ज्याचे शरीर, त्या मुलाचे नाव कारणांच्या यादीत फार उशिरा आले. शारीरिक शिक्षणाचा पहिला हक्कदार ते मूल आहे. सैन्य, देश, पदक, नोकरी हे सगळे त्याच्या मागून. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे. ते पटवायला थोडा इतिहास सांगावा लागेल.

तालीम आणि शस्त्र

सुरुवात आपल्याच डोंगरातून करू. बारा मावळांत पौड खोरे येते, मुठा खोरे येते. इथल्या माणसाचे शरीर कोणा वस्तादाने घडवले नव्हते. आषाढात चिखलात वाकून भातलावणी करायची, डोक्यावर गवताचा भारा घेऊन चढण चढायची, भरलेला ओढा ओलांडून पलीकडची गुरे आणायची, यातून ते घडले होते. कोरीगड आणि घनगडाच्या वाटा ज्यांच्या रोजच्या पायाखालच्या, त्यांना वेगळा व्यायाम कशाला हवा होता? शिवाजी महाराजांनी हे तयार शरीर ओळखले आणि स्वराज्याच्या कामी लावले. त्याच शतकात समर्थ रामदासांनी गावोगाव मारुती उभे केले आणि बलोपासनेला धर्माची बैठक दिली. देवळाशेजारी तालीम ही रचना आजही आपल्या गावांत दिसते, तिची मुळे त्या काळात आहेत.

पेशवाईच्या उत्तरकाळात दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी बाळंभटदादा देवधर होते. निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन मल्ल पुण्याला आव्हान देत आले आणि बाळंभटदादांनी ते आव्हान पेलले, अशी परंपरेतली हकिगत आहे. मला त्या कुस्तीपेक्षा त्यांनी नव्याने रुजवलेला मल्लखांब महत्त्वाचा वाटतो. खांबाशी सराव करताना जोडीदार लागत नाही. चुकले तर समोरच्याचा हात मोडत नाही. एकच पकड शंभर वेळा करता येते आणि शिकवणाऱ्याला नेमके काय चुकते ते दिसते. कुस्तीतला डाव असा सुटा करून शिकवता येऊ लागला, आणि अंगात असलेली गोष्ट दुसऱ्याच्या अंगात उतरवायची पद्धत तयार झाली. शारीरिक शिक्षणातला 'शिक्षण' हा भाग मला इथे दिसतो.

१८१७ साली शनिवारवाड्यावर दुसरे निशाण चढले, १८१८ साली पेशवाई बुडाली. पण पुण्याच्या तालमी बंद पडल्या नाहीत. गंज पेठेत लहुजी साळवे यांची तालीम होती. मातंग समाजातल्या या वस्तादाकडे जोतीराव फुले दांडपट्टा आणि नेमबाजी शिकले. ज्या शहरात शाळेच्या दारात जात विचारली जाई, तिथे वस्ताद मातंग आणि शिष्य इतर जातींचे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. लाल मातीत सगळे सारखे, असे आपण अभिमानाने म्हणतो. सगळ्याच आखाड्यांत तसे नव्हते हे आपल्याला ठाऊक आहे. पण जिथे होते तिथे ते लहुजींसारख्यांनी करून दाखवले म्हणून होते.

त्याच शतकाच्या उत्तरार्धात लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष अभ्यास बाजूला ठेवून शरीर कमावण्यात घालवले. चापेकर बंधूंनी तरुण गोळा केले तेही व्यायामाच्याच निमित्ताने. १८९७ साली त्यांच्या हातून प्लेग अधिकारी रँडचा वध झाला आणि तालमीत जाणारा पोरगा म्हणजे संशयित, असे सरकारला वाटू लागले. सरकारच्या भीतीत एक कबुली होती. कमावलेले शरीर कोणाच्या तरी कामी येते हे त्यांनाही कळत होते. फक्त ते आपल्या कामी यावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

कवायतीचा उगम

साहेबाने आपल्या शाळांत कवायत आणली. 'सावधान', 'विश्राम', हात वर, हात खाली. या कवायतीचा जन्म युरोपातल्या पराभवांत आहे. १८०६ साली नेपोलियनने प्रशियाचा धुव्वा उडवला. त्या अपमानातून फ्रीडरिक यान या शिक्षकाने १८११ साली बर्लिनच्या वेशीबाहेर मोकळ्या मैदानात तरुणांना दांड्यांवर आणि उड्यांच्या घोड्यांवर व्यायाम शिकवायला सुरुवात केली. स्वीडनने फिनलंड गमावले आणि १८१३ साली पेर हेन्रिक लिंग यांनी स्टॉकहोममध्ये व्यायामशिक्षकांची संस्था काढली. शतकाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धासाठी भरती करताना ब्रिटिशांना आपलीच कामगार वस्तीतली पोरे किती खुरटलेली आहेत ते दिसले. मग शाळांतल्या कवायतीकडे आणि मुलांच्या जेवणाकडे त्यांचे लक्ष गेले. देश हरला किंवा हरता हरता वाचला की त्याला शाळेतल्या मुलाची छाती आठवते, असा हा इतिहास आहे.

आपल्याकडे ही कवायत शिकवायला पलटणीतून निवृत्त झालेले हवालदार नेमले जात. त्यांना शिस्त येत होती, मूल ठाऊक नव्हते. शारीरिक शिक्षणाचा तास म्हणजे रांग आणि शिक्षा, ही समजूत तेव्हापासून चालत आली आहे. अनेक शाळांत अजूनही गृहपाठ न केलेल्या मुलाला मैदानाला फेऱ्या मारायला लावतात. पळणे ही शिक्षा आहे असे ज्याला दहाव्या वर्षी शिकवले, तो चाळिसाव्या वर्षी डॉक्टरने सांगितले तरी पळणार नाही.

मराठी माणसाने दिलेले उत्तर

या कवायतीला मराठी माणसाने जे उत्तर दिले ते जगाच्या इतिहासात नोंद घेण्याजोगे आहे. बडोद्यात प्रोफेसर माणिकरावांनी आपले गुरू जुम्मादादा यांची तालीम पुढे नेली आणि देशी व्यायामाला सांघिक हुकमांची शिस्त दिली. बडोद्यातच दत्तात्रय चिंतामण मजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केले. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी याच मंडळाच्या चमूने हुतूतूसह आपल्या खेळांची प्रात्यक्षिके परदेशी प्रेक्षकांना दाखवली. पुण्यात १९०६ साली सुरू झालेल्या डेक्कन जिमखान्याने खोखो आणि हुतूतू या गल्लीतल्या खेळांना नियम, मोजमाप आणि पंच दिले. १९२४ साली कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी महाराष्ट्रीय मंडळ काढले. त्याच वर्षी आपल्या तालुक्याच्या शिवेपलीकडे, लोणावळ्याला, माणिकरावांचे शिष्य स्वामी कुवलयानंद यांनी कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांच्या वेळी शरीरात काय घडते ते क्ष-किरणांनी तपासायला सुरुवात केली.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. तालमीत गुरूचा शब्द अखेरचा असे. या मंडळींनी त्याच्या जागी लिहिलेला नियम, ठरलेला क्रम आणि तपासता येणारा परिणाम आणला. खोखोच्या मैदानाचे माप छापून निघाले तेव्हा तो खेळ पुण्याच्या पेठांतून सुटला आणि कोणत्याही गावच्या मुलीला आखता येईल असा झाला. खोखोला लागते काय? दोन खांब, थोडी सपाट जमीन आणि चुन्याची फक्की. गरीब देशाने गरीब शाळेसाठी तयार केलेले हे शारीरिक शिक्षण होते. त्याची किंमत आपल्याला अजून पुरती कळलेली नाही.

अँटवर्प आणि मुळशी

आता मी मुळशीच्या जिव्हारी लागणाऱ्या वर्षांकडे येतो.

१९१९ च्या सुमारास डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा. जिमखान्याच्या शर्यतींत त्यांनी शेतात राबणारी पोरे अनवाणी पळताना पाहिली. साधे अन्न, आधुनिक प्रशिक्षणाचा गंध नाही, पुण्याभोवतीचे चढउताराचे रस्ते, आणि तरीही वेळ युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाणारी. दोराबजी थक्क झाले. त्यांनी पुढाकार घेतला, पैसा घातला, आणि १९२० साली अँटवर्पच्या ऑलिम्पिकला भारताचा पहिला संघ गेला. बेळगाव भागातले फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. कुस्तीत रणधीर शिंदे चौथे आले, पदक एका कुस्तीने हुकले. भारतीय ऑलिम्पिक चळवळीची सुरुवात अशी पुण्यातून, शेतकऱ्याच्या अनवाणी पायांतून झाली.

त्याच सुमारास टाटांचीच वीज कंपनी मुळा आणि निळा नद्यांच्या संगमावर धरण बांधायला निघाली होती. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. त्यासाठी सुमारे पन्नास गावांची भातखाचरे पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी बांधकामावर बसून सत्याग्रह सुरू केला. नेतृत्व सेनापती बापटांचे. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या जोडीला होते, शंकरराव देवही त्यात उतरले. तुरुंग झाले, फटके झाले, आणि अखेर धरण झालेच. आज आपण त्याच्या काठावर पर्यटक म्हणून फिरतो.

या दोन गोष्टी मी शेजारी ठेवतो त्या कोणावर ठपका ठेवण्यासाठी नव्हे. दोराबजींचे खेळावरचे प्रेम अस्सल होते, त्यांच्याशिवाय अँटवर्प घडले नसते. पण एकाच काळात, एकाच उद्योगघराण्याच्या नजरेसमोर मराठी शेतकरी दोन रूपांत उभा होता. पळणारा शेतकरी कौतुकाचा विषय झाला. जमिनीवर ठाण मांडून बसलेला शेतकरी अडचणीचा झाला. त्याचे पाय देशाच्या नावासाठी हवे होते, त्याची खाचरे विजेसाठी हवी होती. ज्या जमिनीने ते पाय घडवले ती गेल्यावर पाय कशाने घडणार, हा प्रश्न कोणी विचारला नाही. शारीरिक शिक्षणाच्या पुस्तकांत अँटवर्प येते, मुळशी येत नाही. मला दोन्ही एकाच धड्यात हवे आहेत.

सत्याग्रहही एका अर्थाने शरीराचेच शिक्षण होते. उन्हात उठून न जाणे, मार खाऊन हात न उचलणे, याला बैठकांपेक्षा जास्त दम लागतो. बापटांनी स्वतः पुढे शस्त्राचा मार्ग धरला आणि १९२४ मध्ये रेल्वेगाडी अडवून दीर्घ कारावास ओढवून घेतला, हेही खरे. पण ते बसलेले हजारो मावळे, त्यांतल्या बाया, हे कोणा वस्तादाचे शिष्य नव्हते. आपले शरीर कुठे ठेवायचे हे त्यांनी स्वतः ठरवले होते.

गदा, भरती आणि राहिलेली मुले

धरणानंतरही मुळशीने कुस्ती सोडली नाही. मुठा गावच्या मामासाहेब मोहोळांनी १९५३ साली महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद उभी केली. १९६१ साली औरंगाबादला पहिली महाराष्ट्र केसरी झाली, दिनकर दह्यारी पहिले मानकरी ठरले. विजेत्याच्या खांद्यावर मामासाहेबांच्या स्मरणार्थ मोहोळ कुटुंबाकडून येणारी चांदीची गदा असते. म्हणजे उभा महाराष्ट्र जिच्याकडे डोळे लावून बसतो ती गदा मुळशीची आहे. २०१७ साली भूगावलाच ही स्पर्धा भरली आणि अभिजित कटके जिंकला. म्हाळुंगे-बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभे राहिले. एका तालुक्याला याहून मोठा वारसा कुठला हवा?

पण वारसा आहे म्हणून सगळ्यांना मिळाला असे होत नाही. आज पहाटे पौड रस्त्याला उभे राहा. पोरे-पोरी पळताना दिसतील. विचारा, कशासाठी? उत्तर येईल, भरती. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. मैदानाचे ५० गुण. घरची परिस्थिती बदलायची तर हाच रस्ता, आणि त्यांच्या जिद्दीला मी मनापासून सलाम करतो. पण मला काळजी वाटते ती भरतीत नाव लागले किंवा वय उलटून गेले की त्यानंतर काय, याची. १६०० मीटरचे गणित संपले की पळणेही संपते. पैलवानांचेही तेच. कुस्ती सुटते, खुराक सुटत नाही, आणि पस्तिशीत गुडघे आणि साखर दोन्ही हाताबाहेर जातात. शरीर दुसऱ्याच्या मापात बसवायला शिकवले, सांभाळायला शिकवले नाही, त्याचा हा परिणाम आहे.

दुसरे टोक हिंजवडीत आहे. तेही मुळशीच. काचेच्या इमारतीत दहा-दहा तास बसलेली, तिशीत पाठ धरून चालणारी तरुण पिढी तिथे आहे. त्यांनी शाळेत शारीरिक शिक्षणाचा तास गणिताच्या सरांना देऊन टाकलेला असतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वाढत्या वयातल्या मुलाने दिवसाला सरासरी ६० मिनिटे तरी घाम येईल असे हालले पाहिजे. जगातल्या ११ ते १७ वयाच्या पाचांपैकी चार मुलांना तेवढे मिळत नाही. धरणाच्या वरच्या अंगाचे पोर आणि वाकडच्या पुलाजवळच्या सोसायटीतले पोर, दोघेही आता मोबाइलवर खाली मान घालून बसतात.

आणि कायदा काय म्हणतो? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला मैदान हवे असे लिहिले आहे. सहावी ते आठवीसाठी आरोग्य आणि शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक द्यायचा, हेही लिहिले आहे. पण तो कुठे? जिथे पट शंभराच्या वर आहे तिथे. ताम्हिणीच्या बाजूच्या वाड्यावस्त्यांच्या शाळांचा पट आठवा. शंभर मुले तिथे सगळ्या इयत्ता मिळूनही भरत नाहीत. म्हणजे जी मुले डोंगरात राहतात, ज्यांच्या पणजोबांच्या पायांनी गड चढले, त्यांच्यापर्यंत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक कायद्यानेच पोचत नाही. हा अन्याय कोणी दुष्टपणे केलेला नाही. शहरातली शाळा डोळ्यांसमोर ठेवून नियम लिहिला की असे होते.

मग हेतू काय?

माझ्या मते शारीरिक शिक्षणाने शाळा सोडताना प्रत्येक मुलाच्या हाती तीन गोष्टी द्याव्यात. पहिली, आपल्या शरीराची ओळख: धाप कधी लागते, पाठ कशी वाकवावी, पाळीच्या दिवसांत काय झेपते, पडताना कसे पडावे. दुसरी, नियमात राहून हरण्याची सवय. खोखोत बाद झालेला खेळाडू निमूट बाहेर येतो आणि पुढच्या डावात पुन्हा पळतो. लोकशाहीत याहून उपयोगी शिक्षण कोणते? तिसरी, एक तरी हालचाल जी त्याला मनापासून आवडते आणि साठाव्या वर्षीही करता येईल. मग ती सूर्यनमस्कार असो, पोहणे असो की नुसते गड चढणे.

यात पदक येत नाही, म्हणून पदकाला विरोध आहे असे समजू नका. २०२३ साली सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडी जिंकली, तेव्हा माझीही छाती फुगली. पण साठ वर्षे ही स्पर्धा फक्त पुरुषांची होती. तेवढ्या पिढ्यांतल्या मुली सातवीनंतर मैदानाच्या कडेला बसून गुण मांडत राहिल्या. विजेत्या निवडणे हा क्रीडासंघटनेचा धंदा आहे आणि तो तिने चोख करावा. शाळेचे काम कडेला बसलेल्यांना आत घेण्याचे आहे. जाड पोरगा, दम्याची पोरगी, पायाने अधू मूल, यांच्यासाठी तास आखला की बाकीच्यांसाठी तो आपोआप चांगला होतो. उलट केले तर तसे होत नाही.

म्हणून या तालुक्याकडे मी तीन मागण्या ठेवतो. पट कमी असलेल्या शाळांसाठी केंद्रनिहाय एक शारीरिक शिक्षणाचा शिक्षक असावा, त्याने वार लावून शाळाशाळांत जावे. पंचायत समितीने आणि जिल्हा परिषदेने मनावर घेतले तर यात अशक्य काही नाही. गावच्या तालमीत आठवड्यातून काही ठरलेल्या वेळा मुलींच्या असाव्यात आणि त्या वेळी तिथे बाईच शिकवायला असावी. आणि धरणाच्या काठच्या प्रत्येक गावात पाचवीपर्यंत मुलाला पोहता आले पाहिजे. ज्या पाण्याने आपली खाचरे नेली, त्यात आपली पोरे बुडू नयेत, एवढे तरी आपण बघायलाच हवे.

पालकांनाही एक विनंती आहे. पुढच्या पालकसभेला गेलात की गणिताचे गुण जरूर विचारा. पण मग हेही विचारा: माझे मूल या आठवड्यात मैदानावर किती वेळ होते, आणि त्या वेळात ते खेळत होते की बसून होते? हा प्रश्न दहा पालकांनी विचारला तर मुख्याध्यापक वेळापत्रक उघडतील. शंभरांनी विचारला तर सरकारला नियमातली ती शंभराची अट पुन्हा वाचावी लागेल.